खोका

टीव्हीचा खोका आम्ही अकरा वर्षं जपला.
पलंगाखाली, आत थर्माकोल, वर चिकटपट्टी,
कडेला स्केचपेनने लिहिलेलं: काच. ही बाजू वर.
आणि एक बाण.
परत जाताना लागेल म्हणून.
मस्कतमध्ये टीव्ही दोनदा बदलला, घर एकदा,
खोका तोच.

बाकीची तयारी सोपी होती.
इस्त्रीची वायर वर, फिनेल वर, चपला कपाटात,
मनुकांची बरणी फडताळाच्या टोकाला.
शाल्मली पोटावर सरपटत घरभर फिरली,
"त्याच्या उंचीवरून बघतेय," म्हणाली,
आणि सोफ्याखालून निघालं
माझं हरवलेलं कानातलं, खजुराच्या सात बिया,
गणिताचा एक पेपर,
ज्यावर माझी सही व्हायची राहिली होती.
त्या दिवशी काही बोलले नाही.

गॅलरीतली कण्हेर खालच्या थॉमसना देऊन टाकली.
इतकी वर्षं पाणी घातलं त्या विषाला,
फुलं फार गोड यायची.
तिथल्याच लाद्यांवर दुपारी तळहात टेकवला.
दहा मोजेपर्यंत टिकला तर त्याचे पाय टिकतील, असं ऐकलं होतं.
चारला हात उचलला.
म्हणजे फिरणं इशाच्या नमाजानंतरच.

जुनी वर्तमानपत्रं कुठून आणायची?
बातम्या आता फोनमध्ये येतात.
जिन्यात पडलेली सुपरमार्केटची पत्रकं गोळा केली.
आता तो मुतणार नाशिकच्या कांद्यावर,
मुलतानी आंब्यांवर,
एकावर एक फुकट असलेल्या चादरींवर.

अबू सालिम, घरमालक, हो म्हणाले नाहीत,
नाहीही म्हणाले नाहीत.
"लिफ्टने नको," एवढंच.
चार मजले.

गुरुवारी तो आला, माझ्या ओढणीत,
गोदामामागच्या कुत्रीचा सहावा,
दहा बैशांच्या नाण्यासारखा तांबूस.
नाव तिथल्या तिथे ठरलं: बैसा.
"हजार जमले की रियाल होतो," शाल्मली म्हणाली.
एकच पुरे, बाई.

फरशी त्याला कळेना.
चार पाय चार दिशांना, हनुवटी जमिनीला.
एसी सुरू झाला की भिंतीवर भुंकायचा,
बारीक, शिट्टी बिघडल्यासारखा.
चौदा रियालांची गादी आणली होती, कडांना लोकर.
तिच्याकडे त्याने असं पाहिलं
जसं आपण पाहतो
परक्या घरात आपल्यासाठी रिकाम्या केलेल्या खुर्चीकडे.

रात्री रडला. आईला हाक मारावी तसा.
थांबायचा, उत्तर येतंय का ऐकायचा, पुन्हा रडायचा.
दोन वाजता आवाज बंद झाला आणि मी जास्त घाबरले.
टॉर्च मारला.
पलंगाखाली, खोक्याला पाठ लावून,
पुठ्ठ्याचा एक कोपरा दाढेखाली.

स्वयंपाकघरातून सुरी आणली.
चिकटपट्टी अकरा वर्षांची, सहज सुटली.
थर्माकोल काढला, एक बाजू कापली दारासारखी.
'काच' मधला 'च' गेला.
आत विश्रामचा रिगवर नेण्यातून राहिलेला टीशर्ट,
न धुतलेला, मुद्दाम,
आणि टॉवेलात गुंडाळलेलं टिकटिक घड्याळ.
खोका आडवा झाला होता,
बाण आता दरवाजाकडे दाखवत होता.
तो आत गेला, तीन वेळा गोल फिरला,
जणू गवत दाबतोय,
आणि धपकन बसला.
मी हात आत ठेवून फरशीवर पडून राहिले.
फज्रची अजान झाली तेव्हा
त्याने एकच कान उचलला.

सकाळी विश्रामचा फोन, वाऱ्यात तुटत येणारा.
सगळं सांगितलं. दूध नको, भात खाल्ला,
आंब्यांवर दोनदा, कांद्यावर एकदा,
गणितात बत्तीस.
"आणि झोपला कुठे?"
पलंगाखाली, म्हटलं.
"तिथे तर खोका आहे ना?"
आहे, म्हटलं.